सॉफ्टवेअर घेण्याआधी तीन तारखा लिहा

प्रश्न देवगडहून आला आहे. विचारणारे तरुण सिव्हिल इंजिनिअर आहेत, वडिलांचा ठेकेदारीचा धंदा आता तेच बघतात. एकाच वेळी चार कामं चालू आहेत: जामसंड्यात दुमजली बंगला, मिठबावला होमस्टे, कुणकेश्वरला दुकानगाळे आणि कणकवलीत एका अपार्टमेंटचा ठेका. माल वेळेवर येत नाही, आला तर मोजमाप जुळत नाही. एका साइटवर सिमेंट पडून दगड होतंय आणि दुसरीकडे गवंडी सिमेंटची वाट बघत बसलेत. अशात पुण्याहून एक सॉफ्टवेअरवाला येऊन गेला. ऑर्डर, साठा, ट्रकचं लोकेशन सगळं एका स्क्रीनवर दिसेल, आणि पुढच्या महिन्यात किती माल लागेल ते एआय सांगेल, असं त्याचं म्हणणं. वर्षाचे पैसे आगाऊ. घ्यावं का?

आत्ता नको. सहा-आठ महिन्यांनी घ्यायला माझी हरकत नाही, आणि तोवर कुठलं घ्यायचं हे तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल. मी कणकवलीत राहून २८ वर्षं हेच काम करतोय. दोन सॉफ्टवेअरं विकत घेतली. पहिलं आठ महिन्यांत गुंडाळलं, दुसरं आजही चालू आहे. पहिलंही तसं चांगलं होतं, पण त्यात भरायला आमच्याकडे काही नव्हतं.

एआय म्हणजे मागच्या नोंदी बघून पुढचा अंदाज बांधणारं गणित. तुमच्या मागच्या नोंदी कुठे आहेत? थोड्या दुकानदाराच्या बिलात, थोड्या मुकादमाच्या डायरीत, आणि बऱ्याचशा वडिलांच्या डोक्यात. बिलावर तारीख असते ती बिल फाडल्याची. माल कधी सांगितला, गाडी कधी सुटली, माल कधी उतरला, यातलं काहीच त्यावर नसतं. मग ते गणित तुमच्या कामाला पुण्याचाच हिशेब लावणार: आज सिमेंट सांगितलं, उद्या हजर. फोंडा घाटात दरड आली म्हणजे काय होतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणून सुरुवात तीन तारखांपासून करा. प्रत्येक मालाच्या नावापुढे तीन रकाने: सांगितला कधी, निघाला कधी, थप्पी लागली कधी. 'पोचला कधी' असं मी मुद्दाम म्हणत नाही, कारण त्या एका शब्दाने मला चांगलाच फसवलाय. आचऱ्याच्या बाजूला एका वाडीत घर बांधत होतो. रस्ता वरच संपतो, खाली पाखाडीने उतरायचं. जीपीएसवर चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचा, डंपर साइटवर पोचलेला दिसत होता, कारण आम्ही नकाशावर साइटभोवती जो गोल आखला होता त्यात वरचा रस्ताही येत होता. मी निर्धास्त. संध्याकाळी सुपरवायझरला फोन केला तर म्हणतो, "गाडी कवाच पावली, पण चिरो सगळो वरच हा." खाली आणायला माणसं नव्हती. तीन दिवस चिरा रस्त्याकडेला आणि गवंडी खाली. तेव्हापासून आमच्याकडे माल आला म्हणजे थप्पी लागली, त्याआधी नाही.

या नोंदीसाठी पैसे टाकायची गरज नाही. गूगलचा फॉर्म आणि त्याला जोडलेलं शीट पुरतं. फाटकावर एक साधा अँड्रॉइड फोन ठेवा, साइटच्या मालकीचा, सुपरवायझरच्या खाजगी नंबरवर अवलंबून नको. तो गावाला गेला की नोंदही गावाला जाते. फॉर्म मराठीत, आणि रकाने पाचच: माल कुठला, किती, कुणाकडून, चलनाचा फोटो, थप्पीचा फोटो. तारीख-वेळ आपोआप पडते, तीच थप्पीची तारीख. माझ्या पहिल्या सॉफ्टवेअरच्या फॉर्मला १९ रकाने होते. भर पावसात ओल्या हातांनी १९ रकाने कोण भरणार? सुपरवायझर रात्री घरी बसून आठवेल तसे भरायचा. त्यामुळे आमच्या सगळ्या गाड्या कागदोपत्री रात्री साडेनऊला यायच्या.

पहिले दोन महिने या शीटमधून फार काही हाती लागणार नाही. तिसऱ्या महिन्यापासून अंतरं दिसायला लागतात. कुठला दुकानदार 'उद्या पाठवतो' म्हणून चौथ्या दिवशी पाठवतो, कुणाची गाडी सुटते वेळेवर पण वाटेत दुसऱ्याचा माल टाकत येते, ते दोन तारखांमधल्या फरकात उघडं पडतं. सांगण्यापासून सुटण्यापर्यंतचा वेळ पुरवठादाराचा, सुटण्यापासून थप्पीपर्यंतचा रस्त्याचा आणि आपला. भांडायचं कुणाशी हे त्यावरून ठरतं. मी कित्येक वर्षं ट्रकवाल्यांवर ओरडत होतो. आकडे हातात आले तेव्हा दिसलं की अर्ध्याहून जास्त उशीर गाडी सुटायच्या आधीचाच होता.

आता हिशेब बघा. समजा प्लास्टरच्या दिवसांत एका साइटवर रोज १२ पोती सिमेंट जातं. तुमच्या नोंदीत सांगितल्यापासून थप्पी लागेपर्यंत सरासरी ३ दिवस लागतात, पण जुलैतला सगळ्यात वाईट फेरा ९ दिवसांचा आहे. सरासरी धरून चाललात तर ३६ पोती उरल्यावर फोन कराल, आणि त्या वाईट फेऱ्यात सहा दिवस काम बंद. वाईट फेरा धरला तर १०८ पोती शिल्लक असतानाच फोन करायचा. म्हणजे ७२ पोत्यांचे पैसे जास्त अडकले. एका पारड्यात ७२ पोती ठेवा, दुसऱ्यात दोन गवंडी आणि चार बिगारी यांची सहा दिवसांची बसून मजुरी, आणि तुमच्याकडच्या आजच्या भावाने गुणून बघा. पावसाळ्यात मी नेहमी वाईट फेरा धरतो, डिसेंबरात सरासरी. शीटमध्ये हे एका सूत्राचं काम आहे. साठा त्या आकड्याखाली गेला की ओळ लाल होते. याला कुणी एआय म्हणत असेल तर म्हणू दे.

मोटारीच्या कारखान्याचं उदाहरण देऊन कुणी सांगेल की साठा ठेवूच नका, लागेल तेव्हा लागेल तेवढा मागवा. ज्याला रस्त्याचा भरवसा आहे त्याने ते करावं. आपल्याकडे आपल्या आज्या आगोट भरत आल्या आहेत. मे महिन्यात तांदूळ, मीठ, सुकी मासळी, कोकमं, लाकडं, सगळं घरात, कारण चार महिने बाजार भरवशाचा नाही. बांधकामाची आगोट तशीच भरावी लागते, फक्त आज्यांना अंदाज पाठ होता आणि आपल्याला नाही, म्हणून नोंद. चिऱ्याचंच घ्या. पाऊस लागला की चिरेखाणीत पाणी भरतं आणि काढणी थांबते. जूनपासून गणपतीनंतरपर्यंत लागणारा चिरा मेअखेर साइटवर पडलेला हवा. किती? मागच्या वर्षी कुठल्या कामाला दर महिन्याला किती नग गेले आणि किती फुटले, ते शीट सांगेल. फूट वेगळी लिहायला विसरू नका. लांबून दोनदा हाताळून आलेला चिरा आणि जवळच्या खाणीतून थेट आलेला चिरा यांच्या फुटीत बराच फरक पडतो.

सिमेंटची आगोट मात्र भरता येत नाही, आणि इथेच लोक चुकतात. चिरा, खडी, स्टील पडून राहिलं तरी चालतं. स्टीलवर खाऱ्या हवेने गंज चढतो, म्हणून जमिनीवर टाकू नका, ताडपत्री घाला, पण तेवढंच. सिमेंट तीन महिन्यांवर गेलं तर पुन्हा तपासून घेतल्याशिवाय वापरू नये, आणि आपल्या हवेत तीन महिनेही वाट बघायला लागत नाही. मालवणात किनाऱ्याजवळ एका कामावर आमच्या स्क्रीनवर १४० पोती शिल्लक दिसत होती. स्लॅबच्या आदल्या दिवशी गोडाऊन उघडलं तर ५५ पोत्यांत ढेकळं. वाऱ्याने पाऊस आत मारला होता आणि मागची थप्पी भिंतीला टेकलेली होती. सॉफ्टवेअरला आकडा माहीत होता, मालाची अवस्था माहीत नव्हती. चूक सगळी माझी. पोत्यांच्या साठवणीचे नियम भारतीय मानकात लिहिलेलेच आहेत: जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर फळ्यांवर, भिंतीपासून ६० सेंटिमीटर लांब, थप्पी दहा पोत्यांपेक्षा उंच नाही. मी ते वाचलं होतं, पाळलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही फॉर्ममध्ये फक्त सिमेंटसाठी सहावा रकाना वाढवला: पोत्यावरचा आठवडा. प्रत्येक पोत्यावर ते कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात भरलं ते छापलेलं असतं. तो आकडा टाकला की जुनं आधी काढायचं हे शीटच सांगतं, आणि दुकानदार दोन महिने जुना माल गळ्यात मारत असेल तर तो गाडीवरच पकडता येतो. मध्यंतरी एकाने गोडाऊनमध्ये ओलावा मोजायचं यंत्र लावायला दिलं, ब्लूटूथवर आकडे दाखवणारं. पावसाळाभर ते नव्वद टक्क्यांच्या वरच होतं. जुलैत मालवणात हवा ओली आहे हे कळायला यंत्र लागत नाही. जाड प्लास्टिक घाला, पैसे त्यात घालवा.

निघाल्याची तारीख मिळवायला पुरवठादाराच्या मागे लागावं लागत नाही. सरकारने ती सोय आधीच करून ठेवली आहे, आपण वापरत नाही एवढंच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरचा आणि परराज्यातून ५० हजारांवरचा माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं. त्यात गाडीचा नंबर असतो, मुदत असते, साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस. कोल्हापूरला माल मोठ्या ट्रकमधून काढून छोट्यात टाकला तर त्या बिलाच्या दुसऱ्या भागात (पार्ट बी) नवीन गाडीचा नंबर भरावा लागतो. म्हणजे गाडी बदलली हे तुम्हाला ड्रायव्हरला न विचारता कळतं. पुरवठादाराला एवढंच सांगायचं की ई-वे बिल काढल्या काढल्या त्याची प्रत ग्रुपवर टाक. वाळू, खडी, चिरा यांच्या वाहतुकीच्या परवान्यावरही गाडी नंबर, परिमाण आणि वेळ असतेच. त्या कागदाचा फोटो चलनाबरोबर घ्या. वेळेची नोंद तर मिळतेच, पण उद्या तहसीलच्या पथकाने साइटवर येऊन वाळू कुठली विचारलं तर उत्तर फोनमध्ये असतं.

वाळूबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मोजमाप जुळत नाही ही तुमची तक्रार बहुतेक वाळूचीच असणार. आपण ब्रासने घेतो, १०० घनफूट. ओली वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तर तिचं आकारमान २० ते ३० टक्क्यांपर्यंत वाढतं, बारीक वाळू जास्त फुगते. म्हणजे टेप लावून मोजलेल्या तीन ब्रासमध्ये खरी वाळू अडीच ब्रासच्याही आत असू शकते, आणि डंपरवाल्याने काही लबाडी केलेली नसते. वजनावर घेतलीत तर पाच टक्के पाण्याचे पैसे जातात, बस. म्हणून मी वजनकाट्याची पावती मागतो आणि वजनावर हिशेब ठेवतो. कोरडी वाळू ब्रासला साधारण साडेचार टन धरतो. काट्याच्या पावतीवर छापील वेळ असते, तीही एक फुकटची नोंद. आणखी एक गोष्ट लिहून ठेवा: वाळू कुठली. कालावल खाडीची की कर्ली खाडीची, की क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली. खाडीची वाळू नीट धुतली नसेल तर मीठ काँक्रीटमध्ये जातं आणि आतल्या स्टीलला खातं. आरसीसीत क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. चार वर्षांनी कुठल्या बीमला तडा गेला तर त्या दिवशी कुठल्या खाडीची वाळू होती हे सांगता आलं पाहिजे. वडिलांच्या काळात ते सांगता यायचं, कारण वाळू एकाच ठिकाणाहून यायची.

गाड्यांच्या जीपीएसबद्दल. स्वतःच्या दोन-तीन गाड्या असतील तर लावा, डिझेलवरच खर्च निघेल. पुरवठादाराच्या गाडीचं लोकेशन मागायला हरकत नाही, ड्रायव्हर व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन देतो. पण घाटात त्याचा भरवसा धरू नका. दाजीपूरच्या जंगलात रेंज गेली की ठिपका तिथेच थांबतो, आणि गाडी फोंड्यात उतरली तरी स्क्रीनवर ती जंगलातच. चांगली यंत्रं रेंज नसताना जागा साठवून ठेवतात आणि रेंज आली की एकदम पाठवतात. घेताना हे विचारा. एकदा मोरबीहून टाइल्सचा ट्रक सावंतवाडीकडे येत होता आणि आमच्या स्क्रीनवर 'गाडी मार्ग सोडून चालली आहे' अशा सूचनांचा पाऊस पडला. ठिपका कधी डोंगरातून जातोय, कधी नदीवरून. ड्रायव्हरचा फोन बंद. माझा भाचा पोलिसात जायला निघाला होता. नंतर कळलं, ड्रायव्हरने कोलाडला ट्रक कोकण रेल्वेच्या रो-रोवर चढवला होता आणि आत झोपला होता. १९९९ पासून चालू असलेली सेवा, पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या डोक्यात ट्रक रेल्वेने जातो ही कल्पनाच नव्हती.

याच कारणाने सॉफ्टवेअरमध्ये कॅलेंडर आपलं घालावं लागतं. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना बंदी असते. ती अधिसूचना दरवर्षी निघते, तारखा पंचांगाबरोबर सरकतात. त्या दिवसांत लांबून येणारा कुठलाही माल धरायचा नाही. शिमग्याला आपली माणसं नसतात, म्हणजे माल आला तरी उतरवायला कुणी नाही. कुठल्या घाटात कुठलं काम चालू आहे ते बांधकाम खात्याच्या सूचनांतून कळतं. करूळ घाट २०२४ मध्ये काँक्रीटीकरणासाठी बंद झाला तेव्हा ज्यांनी आधीच फोंड्याकडून भाडं ठरवून ठेवलं त्यांना झळ कमी बसली. हे दिवस शीटमध्ये वेगळ्या रंगाने भरून ठेवा.

रेडीमिक्सवाल्यांकडे, म्हणजे प्लांटमध्ये कालवलेलं काँक्रीट गाडीने पाठवणाऱ्यांकडे, मात्र डिजिटल नोंद खरोखर उपयोगी पडते. मानकाप्रमाणे गाडीत भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट रिकामं व्हायला हवं. गोठण लांबवणारं रसायन घातलं असेल तर थोडी सवलत. कणकवलीच्या बाजूने भरलेला मिक्सर नांदगाव तिठ्यावरून देवगडात आणून पंपाला लावेपर्यंत त्यातला बराच वेळ संपलेला असतो. बॅचच्या पावतीवर भरल्याची वेळ छापलेली असते. तिचा फोटो पहिल्या गाडीला नाही, प्रत्येक गाडीला घ्या, आणि पंप सुरू झाल्याची वेळ फोनवर टिपा. पुढच्या वेळी प्लांटवाल्याला दोन गाड्यांमध्ये किती अंतर ठेव हे तुम्ही सांगाल, तो नाही. छोट्या स्लॅबला साइटवरच मिक्सर फिरवता, तेव्हा प्रश्न उलटा असतो. १,२०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब बीम धरून साधारण २० घनमीटर होतो, सिमेंट-वाळू-खडीच्या १:१.५:३ प्रमाणाला घनमीटरला आठेक पोती धरली तर १६० पोती. ती आदल्या दिवशी संध्याकाळी मोजून, फोटो काढून, मगच सेंट्रिंगवाल्याला हो म्हणायचं.

पैसा वाचवायचा तर मी सगळ्यात आधी स्टीलकडे बघेन. आणि तिथे लागणारं तंत्रज्ञान म्हणजे चारही साइटची बार बेंडिंगची यादी, म्हणजे कुठल्या मापाचे सळईचे किती तुकडे हवेत ती, एका शीटमध्ये. सळई १२ मीटरची येते. समजा जामसंड्याच्या बंगल्याला १६ मिमीचे ४.१ मीटरचे ६० तुकडे हवेत, मिठबावला ३.७ मीटरचे ३०. दोन्ही साइट आपापलं कापतात. ४.१ चे एका सळईत दोनच बसतात, म्हणजे ३० सळया, आणि प्रत्येकीमागे ३.८ मीटरचा तुकडा उरतो. ३.७ चे तीन बसतात, म्हणजे १० सळया. एकूण ४०. आता दोन्ही एकाच ठिकाणी कापा: प्रत्येक सळईतून ४.१ चे दोन आणि ३.७ चा एक, ११.९ मीटर, उरला फक्त १० सेंटिमीटरचा तुकडा. ३० सळयांत दोन्ही कामं झाली. १० सळया वाचल्या, १६ मिमी मीटरला १.५८ किलो, म्हणजे १९० किलोच्या आसपास. चांगला फिटर हे मनात करतो, पण त्याच्यासमोर दोन्ही याद्या एका वेळी असतील तर. मिठबावची यादी त्याला महिन्याने मिळणार असेल, तर तोवर ते ३.८ चे तुकडे सेंट्रिंगच्या टेक्यांत आणि भंगारात गेलेले असतात. कापणीची जोडणी लावून देणारी साधी सॉफ्टवेअरं मिळतात, काही फुकटही. सळईचा हिशेब करताना वजन नगावरूनही पडताळा. ८ मिमीची १२ मीटर सळई ४.७४ किलो व्हायला हवी, पण मानक १० मिमीपर्यंतच्या सळईला सात टक्के कमी-जास्त चालवून घेतं. हलकी सळई वजनावर विकत घेतलीत तर जास्त नग मिळतात, नगावर घेतलीत तर तोटा.

मालाला क्यूआर कोड लावायचा की नाही, हेही तुम्ही विचारलंय. दारं-खिडक्या, सॅनिटरी, लिफ्टचे सुटे भाग यांना लावा. सळयांच्या मोळ्यांना लावलेले कागदी स्टिकर आमच्याकडे एका पावसाळ्यात पुसून गेले. आता पत्र्याच्या पट्टीवर ऑइलपेंटने नंबर घालतो आणि तो नंबर फॉर्ममध्ये टाकतो. दिसायला गावठी आहे, पण वाचता येतं. सिमेंटच्या प्रत्येक पोत्याला कोड लावायला सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पुरवठादारांना यात ओढायचं असेल तर दंडुक्याने होत नाही. चिरेखाणवाल्याला तुमच्या पोर्टलवर लॉगिन करायला सांगून बघा, तो दुसऱ्याला माल देईल. आम्ही एवढंच केलं: ज्याच्या तीन तारखा स्वच्छ, त्याचं बिल ठरल्या दिवशी. नोंद स्पष्ट असली की बिलावर वादच राहत नाही, आणि त्याला नेमकं तेच हवं असतं. पेव्हर ब्लॉक, खिडक्या असलं काही स्वतः बनवणारा लहान उद्योजक उद्यम नोंदणीवाला (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर आयकराच्या नियमाने लेखी करार असल्यास ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात, नाहीतर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच धरता येतो. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. म्हणजे तुमची तिसरी तारीख सीएच्याही कामाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हाही ज्यांच्याकडे नोंद होती त्यांचे त्या आठवड्यातल्या बिलांचे वाद दोन फोनमध्ये मिटले.

कागद पूर्ण सोडू नका. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा वीज गेली, टॉवर गेले, फोन उतरले. आमच्याकडे सगळं फोनवर होतं आणि चार दिवस कुठल्या साइटवर किती पत्रे, किती ताडपत्र्या आहेत हे मला सांगता येत नव्हतं. नेमक्या त्याच दिवसांत लोक पत्रे मागत होते. आता प्रत्येक फाटकावर कार्बनचं एक पावतीपुस्तक लटकलेलं असतं आणि दर शनिवारी शीटची छापील प्रत निघते.

सहा-आठ महिन्यांनी सॉफ्टवेअरवाला पुन्हा येईल. त्याला ऑफिसात बसवू नका, मिठबावच्या साइटवर न्या, फोन विमान मोडवर टाकायला सांगा आणि म्हणा, आता एक नोंद करून दाखव. दुसरं, आमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखव. माझं पहिलं सॉफ्टवेअर बंद केलं तेव्हा आठ महिन्यांच्या नोंदी त्यातच अडकल्या. तिसरं, ब्रास, नग, पोतं आणि किलो ही चारही मापं एकाच ठिकाणी चालतात का बघा; एका मोठ्या नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला वाळू लिटरमध्ये भरावी लागत होती. या तीन गोष्टी झाल्या तर किमतीचं बोला. त्याने ब्लॉकचेन हा शब्द काढला तर मात्र जेवायची वेळ झाली म्हणून उठा.

सुरुवात दसऱ्याला करा. पाऊस ओसरलेला असतो, कामं जोरात सुटतात, आणि मार्चपर्यंत पाच महिन्यांच्या तारखा हातात येतात. चिरेवाल्याला आगोटीची ऑर्डर तेव्हाच द्यायची असते. पावसाळ्याचे आकडे पहिल्या वर्षी तुमच्याकडे नसतील. त्यासाठी वडिलांना एक रविवार मोकळा ठेवायला सांगा आणि कुठला दुकानदार पावसात किती दिवस लावतो, कुठल्या वाडीत ट्रक जात नाही, कुठली गाडी घाटात बंद पडते, ते एकेक करून शीटमध्ये भरा, वेगळ्या रंगात. माझ्या शीटमध्ये आमच्या जुन्या मुकादमाने सांगितलेल्या अशा ४१ ओळी आहेत. खऱ्या नोंदींशी ताडून बघितल्या तर आजवर तीन चुकीच्या निघाल्या, आणि तिन्ही टाइल्सच्या.